लाल चड्डीतलं रेडकू

सांता इनेसच्या बाजारात, मासळीच्या ओट्यांना लागून, लोलो तिनोंग यांचं वाचायचं दुकान होतं. दुकान म्हणजे झावळ्यांचं छप्पर, दोन बाकं आणि तीन दोऱ्या. कपडे वाळत घालावेत तशी चिमटे लावून साप्ताहिकं दोऱ्यांवर लटकवलेली. चित्रकथांची एक दोरी, कादंबरीवाल्यांची एक, आणि ज्यांची पहिली पानं कधीच गळून गेली होती त्यांची सगळ्यात खाली. एक नाणं द्यायचं, बादलीत हात धुवायचे, बाकावर बसून वाचायचं आणि जिथून काढलं तिथेच टांगायचं. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याला लोलो हाकलून देत, मग तो कुणाचाही मुलगा असो. एकदा त्यांनी नगराध्यक्षांच्या मुलाला हाकललं होतं आणि आम्ही आठवडाभर ताठ मानेने फिरलो होतो.

लोलो माझे सख्खे आजोबा नव्हते. पण आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारली तर आई पायातली चप्पल काढते, म्हणून गावातले सगळे म्हातारे आमचे लोलो. दुकानात शिरलं की पहिलं काम नाणं देण्याचं नव्हतं. पहिलं काम त्यांचा हात धरून आपल्या कपाळाला टेकवण्याचं. ते पानावरची नजर न हलवता म्हणत, "देवाची कृपा राहो गं, इंदाय," आणि मगच बाकावर जागा मिळे. हे मोठ्यांचा हात घेणं आम्हाला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. चालायला लागायच्या आधी आम्ही ते करायला लागतो.

दुपारी मासळी संपली की कोळणी टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसत आणि लोलो त्यांना साप्ताहिक वाचून दाखवत. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, एक अक्षर न गाळता. जाहिरातीसुद्धा. "पूर्ण पैसे घेतलेत, तर अर्धं कसं वाचू?" असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक जाहिरातीतल्या प्राण्याला त्यांनी आवाज दिला होता. खोकल्याच्या औषधाची एक मगर होती, ती ते इतकी मनापासून खोकून दाखवत की कोळणी म्हणत, "लोलो, पाणी प्या आधी." साबणाच्या डब्यावरचा हंस नाकात बोलायचा. केसांच्या तेलाची जलपरी तर अशी लाडिक बोलायची की त्यांची बायको, तिया असोन, पलीकडच्या भाजीच्या गाळ्यातून ओरडायची, "तिनोंग, पुरे झालं! लोक बघतायत!"

कादंबरीत नायिकेला टीबी झाला की बायका बाहीने डोळे पुसत, आणि पुढच्याच पानावर मगर बरी झाली की तितक्याच मनापासून टाळ्या वाजवत. लोलोंना जाहिराती जास्त आवडत. "कादंबरीतली बाई दोन वर्षं मरतेय," ते म्हणत. "मगरीचं बघा. चार चौकटी, खोकला बंद."

पण आम्हा मुलांचा देव निराळा होता. लाकासमाल्ट नावाची दुधात घालायची चॉकलेटी पावडर निघाली होती आणि तिच्या जाहिरातीत बुलोय नावाचं एक रेडकू होतं. दोन पायांवर चालणारं, गुबगुबीत, लाल चड्डी घातलेलं. दर आठवड्याला मलपृष्ठावर त्याच्या चार चौकटी येत. पहिलीत एक लुकडा मुलगा रडत असे, दुसरीत बुलोय त्याला पेला देई, तिसरीत तो गटागट पिई, चौथीत तो बैलगाडी डोक्यावर उचले. बैलासकट. मी सात वर्षांची असताना दोन पेले पिऊन आमची डुकरीण उचलायला गेले होते. डुकरीण लाकासमाल्ट न पिताच माझ्यापेक्षा बळकट निघाली. तिने मला कुंपणाबाहेर टाकलं आणि आईने पुन्हा आत आणून बडवलं. तरी माझा विश्वास ढळला नाही, मला वाटलं पावडर कमी पडली.

मी बुलोयला पत्रही लिहिलं होतं. तुझं वय काय, तुझी आई कुठे असते, चड्डी रोज तीच का. कंपनीकडून छापील उत्तर आलं: बुलोय सहा वर्षांचा आहे आणि सगळ्या मुलांचा मित्र आहे. चड्डीबद्दल काही नव्हतं.

लोलोंचं एकच दुःख होतं आणि ते सगळ्या गावाला पाठ होतं. बावीस वर्षं ते दुसऱ्यांचे फोटो दोरीवर टांगत आले होते, स्वतः एकदाही छापून आले नव्हते. संपादकांना पाठवलेले विनोद परत आले होते. एकदा त्यांच्या परसात चार किलोचं रताळं निघालं, तेव्हा त्यांनी शहरात जाऊन ते हातात धरून फोटो काढवला आणि पाठवला. तो छापला! पण कात्री लावून. चित्रात रताळं होतं आणि त्याखाली दोन बोटं होती. लोलो तो अंक कुणाला भाड्याने देत नसत, फक्त दाखवत. "ही बोटं माझी," ते म्हणत. कोळणी म्हणत, "रताळं छान आलंय."

मी नऊ वर्षांची होते त्या वर्षी मे महिन्यात, गावच्या जत्रेच्या तीन आठवडे आधी, लाकासमाल्टचे मिस्टर बुएनाफे गाडी घेऊन आले. त्यांच्याबरोबर एक मोठं खोकं होतं. जत्रेत बुलोय येणार होता, खराखुरा, आणि मुलांबरोबरचा त्याचा फोटो साप्ताहिकाच्या मलपृष्ठावर छापणार होते. पूर्ण पान! पण बुलोयचा पोशाख बुटक्या माणसाच्या मापाचा होता. शहरातून आणलेला माणूस आदल्याच गावात उष्म्याने आडवा झाला होता. मिस्टर बुएनाफेंनी बाजारात एक चक्कर मारली आणि त्यांची नजर लोलोंवर पडली. लोलो उभे राहिले तरी बसल्यासारखेच दिसत.

मिस्टर बुएनाफेंच्या दोन अटी होत्या. आत कोण आहे हे कुणालाही कळता कामा नये, आणि जत्रेतला बुलोय बोलत नाही. यातलं काही मोडलं तर फोटो दुसऱ्या गावाचा छापणार. जिच्यावरून गावाचं नाव पडलं त्या संत सांता इनेसच्या तसबिरीवर हात ठेवून लोलोंनी शपथ घेतली. आता हे मला कसं कळलं? तिया असोनने सांगितलं. शपथ लोलोंनी घेतली होती, तिने नव्हे.

"अरे, पण तू आत असशील," ती त्यांना म्हणाली होती. "फोटोत दिसणार कोण? रेडकू."

"मला तर माहीत असेल," लोलो म्हणाले.

"रताळ्याच्या वेळीसुद्धा तुला माहीत होतं."

"तेव्हा मी बाहेर होतो म्हणून कापता आलं. आता आत आहे. कापा म्हणावं!"

 तिया असोनने त्या पोशाखाचा वास घेतला, नाक मुरडलं आणि सरळ तो धुवायला काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या परसातल्या दोरीवर, लोलोंच्या दोन सदऱ्यांच्या मधोमध, एक तपकिरी रेडकू उलटं टांगलेलं होतं. शेपटीतून पाणी गळत होतं. रस्ता बाजाराचा, म्हणजे आठ वाजेपर्यंत ज्याला डोळे होते त्या प्रत्येकाने ते पाहिलं.

मला आमच्या गावाचा राग येण्यासारख्या शंभर गोष्टी आहेत, पण त्या तीन आठवड्यांबद्दल मी गावाला सगळं माफ केलं आहे. कुणीही एक शब्द काढला नाही. उलट, लोलो ऐकत असले की कोळणी मुद्दाम मोठ्याने बोलत, "काय गं, त्या बुलोयमध्ये कोण शिरणार असेल?" "शहरातलाच कुणीतरी असणार बाई, इथल्या कुणाला जमतंय!" लोलो साप्ताहिकामागे तोंड लपवून गालात हसत. जत्रेच्या दिवशी दुकान बंद का, असं कुणी विचारू नये म्हणून त्यांनी पाटी लावली: आजारी आहे. मग काय करता? सोंग पुरं करायचं तर शेजाऱ्यांना आल्याची पेज घेऊन जावंच लागलं. तिया असोनने दारातच चार घरची भांडी घेतली आणि रिकाम्या खाटेकडे बघत सांगितलं, "झोपलाय बिचारा."

खरी काळजी होती आम्हा मुलांची. माझ्या आईने आदल्या दिवशी आळीतल्या सगळ्या पोरांना ओळीत उभं केलं.

"उद्या समोर कोण असणार?"

"लोलो तिनोंग!"

"मुस्काटात देईन. कोण असणार?"

"बुलोय."

"बुलोय कोण?"

"रेडकू."

"रेडकाचा हात घेतात का कपाळाला?"

"नाही!"

"मग काय करायचं?"

"शिंग धरायचं आणि हसायचं!"

आईने स्वतः रेडकू होऊन आमच्याकडून दहा वेळा तालीम करून घेतली. दहाही वेळा मी शिंग धरलं. आईच्या अंबाड्याचं.

जत्रेच्या दिवशी चौकात कंपनीच्या गाडीचा भोंगा वाजत होता आणि फुकट लाकासमाल्टसाठी मोठी माणसंही मुलांच्या रांगेत घुसली होती. मग गाडीच्या मागच्या दारातून बुलोय उतरला. काय नाचला! शेपूट गरगर फिरवली, चड्डी सावरली, पोट धरून हसल्यासारखं केलं. साठी उलटलेला माणूस मे महिन्याच्या उन्हात, कागदाच्या लगद्याचं भलंमोठं डोकं घालून उड्या मारत होता. बुलोयच्या उघड्या तोंडात काळी जाळी होती, तिच्यातून आतल्या माणसाला दिसे. गावाने टाळ्यांचा कडकडाट केला. मिस्टर बुएनाफे खूश होऊन शिट्टी फुंकत होते. छायाचित्रकार बाकावर चढून उभा होता.

"पहिली मुलगी, चल!" मिस्टर बुएनाफे म्हणाले.

पहिली मुलगी मी होते. मी पुढे गेले. शिंग माझ्या डोळ्यांसमोर होतं, देवाशपथ मला शिंगच धरायचं होतं. पण लोलोंना कंपनीने शिकवलं होतं की मुलगा जवळ आला की हस्तांदोलनाला पंजा पुढे करायचा. त्यांनी पंजा पुढे केला. आणि आमच्या गावात म्हाताऱ्या माणसाचा हात पुढे आला की पोराच्या डोक्याला विचारायची सोय राहत नाही. माझं डोकं वाकलं, माझ्या हातांनी तो केसाळ पंजा धरला आणि माझ्या कपाळाला टेकवला.

आणि रेडकाच्या तोंडातून, घशात कफ असलेल्या भारदस्त आवाजात, शब्द आले: "देवाची कृपा राहो गं, इंदाय."

 भोंगा नेमका तेव्हाच थांबला होता, सगळ्या चौकाला ऐकू गेलं. मी आईकडे पाहिलं. आईने डोळ्यांवर हात घेतला होता.

माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलाला वाटलं, आता चालतंय. त्यानेही हात घेतला. त्याच्या मागच्याने घेतला. मग काय विचारता! सकाळपासून प्रत्येकाच्या अंगात ती एक गोष्ट अडकून बसली होती, ती सुटली. रांगेतली साठ-सत्तर पोरं एकेक करून वाकली आणि रेडकाने प्रत्येकाला आशीर्वाद दिला, कारण एकदा हात दिला की आशीर्वाद गिळून टाकणं लोलोंना बापजन्मात जमलं नसतं.

"अरे, काय करताय?" मिस्टर बुएनाफे धावत आले. "तो सहा वर्षांचा आहे! सहा! शिंग धरा, शिंग! रेडकाचा आशीर्वाद घेतं का कुणी?"

"आमच्याकडे घेतात," रांगेतली एक कोळीण म्हणाली.

सगळ्यात शेवटी कंपनीचाच ड्रायव्हर पुढे आला. तो आमच्याच बेटावरचा होता. त्याने टोपी काढली आणि वाकला. तेव्हा मिस्टर बुएनाफेंच्या तोंडातली शिट्टी खाली पडली.

त्यांनी बुलोयला दंडाला धरून गाडीकडे नेलं. "कुणाकुणाला सांगितलंस? सगळ्या गावाला? बोल!" बुलोय बोलला नाही. खाली मान घालून, शिंगं पुढे करून उभा राहिला. रेडकू बोलत नाही, अशी शपथ होती, आणि तेवढ्यात जी मोडली होती ती त्यांना बहुतेक आणखी मोडायची नव्हती. खोकं गाडीत चढलं, गाडी गेली. दुसऱ्या दिवशी पाटी उतरली आणि लोलो दुकानात बसले.

मी चार दिवस तिकडे फिरकले नाही. मला वाटत होतं, मी त्यांचं पूर्ण पान फाडून टाकलं.

जूनमध्ये तो अंक आला. मलपृष्ठावर बुलोय होता, भोवती मुलं खिदळत होती, एकाने शिंग धरलं होतं. मागे दोन मनोऱ्यांचं चर्च होतं. आमच्या चर्चला एकच मनोरा आहे. कोळणी म्हणाल्या, "दुसरा झाडामागे असेल." कुणी हसलं नाही. लोलोंनी कोळणींना अंक वाचून दाखवला, शेवटच्या पानापर्यंत, आणि फोटोखालचे बुलोयचे शब्द म्हणायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी आवाज न काढता साधे वाचले. मला ते सहन झालं नाही.

"लोलो, माझ्यामुळे झालं," मी म्हणाले. "मी शिंग धरायला हवं होतं."

"कुठलं शिंग?" लोलो अंक टांगत म्हणाले. "मी तर त्या दिवशी आजारी होतो. चार घरची पेज प्यायलो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी बादलीपाशी जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले, आणि रडले.

जुलैच्या शेवटी एका दुपारी पोस्टमन, मानोंग किरिनो, सायकल लावून दुकानात आला. त्याच्या हातात एक कडक पाकीट होतं, वर पुठ्ठ्याची घडी. पत्ता इतकाच: बुलोय, सांता इनेस. पाठवणारा तो छायाचित्रकार होता. मानोंग किरिनोने गावात कुणालाही काही न विचारता ते सरळ इथे आणलं होतं.

"लोलो, रजिस्टर आहे. इथे सही."

लोलोंनी चष्मा लावून पत्ता वाचला. "हे बुलोयचं आहे."

"हो."

"मी बुलोय नाही."

"नाहीच मुळी," मानोंग किरिनो म्हणाला. "कोण म्हणतंय? पण सही करा."

"दुसऱ्याच्या नावाने? बावीस वर्षं दुकान चालवतोय, खोटी सही केलेली नाही."

"मग परत पाठवावं लागेल."

कोळणी टोपल्यांवरून उठल्या. तिया असोन भाजी टाकून आली. "घे रे, तिनोंग," ती म्हणाली. "इथे कोण परकं आहे?"

"शपथ घेतलीय," लोलो पुटपुटले आणि लगेच, "म्हणजे बुलोयने घेतली असणार." त्यांनी पाकीट उजेडात धरलं, दाबून पाहिलं, पुन्हा मानोंग किरिनोच्या हातात दिलं. त्याने ते थैलीत ठेवलं.  तो सायकलीचा स्टँड काढत होता तेव्हा लोलो माझ्याकडे वळले.

"इंदाय, तुला उत्तर आलं होतं ना कंपनीचं? त्याचं वय किती म्हणाले?"

"सहा वर्षं."

"किरिनो! सहा वर्षांच्या पोराची सही टपाल खात्याला चालते?"

मानोंग किरिनो थांबला. "छे! घरातलं मोठं माणूस करतं."

"मग आधी नाही का सांगायचं? दे इकडे."

त्यांनी वहीत सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं, सेलेस्तिनो गुंबान. नात्याच्या रकान्यात लिहिलं, आजोबा. मानोंग किरिनोने वही बंद केली. चेहरा अगदी सरकारी ठेवून म्हणाला, "नातू बरा आहे ना?"

"बरा आहे. फार उड्या मारतो."

फोटो वहीएवढा मोठा होता. एका मुलीचं डोकं वाकलेलं, त्यावर केसाळ पंजा. उन्हाची तिरीप नेमकी रेडकाच्या उघड्या तोंडात पडली होती. जाळीच्या आत लोलोंचा चेहरा स्वच्छ दिसत होता, घामाने निथळलेला, डोळे मिटलेले, ओठ आशीर्वाद देताना अर्धवट उघडे. कोळणींनी तो हातोहात फिरवला. लोलोंनी तो दुकानात टांगला नाही, घरी नेला.

त्यानंतर बारा वर्षांनी लोलो गेले. तोवर मी शहरात शिक्षिका झाले होते. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो त्याच्या शवपेटीवर ठेवतात, आणि लोलोंचा लग्नातला फोटो वादळात वाहून गेला होता. मी पोचले तेव्हा मेणबत्त्यांच्या मधे, चौकटीत, लाल चड्डीतलं रेडकू उभं होतं. चड्डीवर ठसठशीत अक्षरं होती: लाकासमाल्ट.

नवे फादर तरुण होते, परगावचे होते. प्रार्थनेला आले आणि पेटीसमोर अडखळले. मग तिया असोनला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तिया, रागावू नका. पण शवपेटीवर जाहिरात ठेवता येत नाही."

"जाहिरात नाही, फादर," तिया असोन म्हणाली. "नवरा आहे माझा. जवळ या. तोंडात बघा."

फादर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी रेडकाच्या तोंडात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.  मग ते उठले, फुलदाणी थोडी सरकवून चड्डीवरची अक्षरं झाकली आणि प्रार्थना सुरू केली.